सांडपाण्यानं बिघडलेलं रान: जिप्समची पोती उतरवण्याआधी काय तपासायचं

पावसाळा तोंडावर आला की मला ठरलेला फोन येतो. "रानाला कंपनीचं पाणी लागलंय, पीक येत नाही. एकरी किती जिप्सम टाकू?" गेली पंधरा वर्षं मी माती-पाण्याचे नमुने काढतो, अहवाल समजावून सांगतो, बांधावर उभं राहून चर खणून घेतो. या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर देत नाही, त्यामुळे बरेच जण नाराज होतात. पण जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटची खनिज पूड, हे एका दुखण्याचं औषध आहे आणि सांडपाण्याच्या रानाला चार वेगवेगळी दुखणी असू शकतात. एकाला जिप्सम लागू पडतं. दोघांना त्याचा उपयोग नसतो. चौथ्यात तर रान सुधारायच्या नादात आपण नको ते लोकांच्या ताटात वाढतो.

लक्षणं

पहिलं दुखणं खाराचं. उगवण एकसारखी नसते, ओळीत नांग्या पडतात, चार पावलं चांगलं पीक तर पुढची दहा पावलं मोकळी. पानं टोकाकडून आणि कडेनं करपतात, त्यातही खालची जुनी पानं आधी. रानात ओल असते, तरी दुपारी पीक माना टाकतं. उन्हाळ्यात सकाळी बघितलं तर वरंब्याच्या माथ्यावर पांढरं फूल आलेलं दिसतं, कारण पाणी तिथूनच उडतं आणि मीठ मागं राहतं. गुऱ्हाळवाल्यांना हे आपल्याआधी कळतं. अशा रानातल्या उसाचा गूळ खारट आणि काळपट येतो.

दुसरं चोपणाचं. इथं मुख्य गुन्हेगार सोडियम. पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी सरीत पाणी तसंच, आणि तेही गढूळ. ओली माती साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. मधला वापसा येतच नाही: आज चिखल, परवा ढेकूळ. कधी वर काळसर, तेलकट दिसणारा थर येतो. तो तेलाचा नसतो, मातीतला कुजलेला भागच विरघळून वर आलेला असतो. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात, लोक लोहाची फवारणी करत बसतात.

तिसरं मळीच्या पाण्याचं, म्हणजे आसवनीच्या (मद्यार्क कारखान्याच्या) सांडपाण्याचं, स्पेंटवॉशचं. (आपल्याकडे मोलॅसिसलाही मळी म्हणतात आणि उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाला, प्रेसमडलाही. या एका शब्दानं किती घोळ घातलेत विचारू नका. खाली मी प्रेसमडला प्रेसमडच म्हणेन.) विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं, रानाला कुजका वास, रोप उपटलं तर मुळं काळी आणि पिचपिचीत. मातीतला प्राणवायू संपलेला असतो, म्हणून पीक दोन-चार दिवसांत पिवळं पडतं.

चौथं जड धातूंचं: कॅडमियम, शिसं, निकेल, क्रोमियम. याचं लक्षण लिहायला बसलो तर ओळ कोरीच ठेवावी लागेल. बऱ्याचदा पीक झकास असतं. शहराच्या नाल्यावरची मेथी-पालक तर नत्र-स्फुरदामुळे जास्तच तरारते. वर साधा कारखाना असेल किंवा नुसतं घरगुती सांडपाणी असेल तर हा संशय कमी, पण मुलामा देण्याचे कारखाने, चर्मोद्योग, बॅटऱ्या, रंग, भंगार वितळवणं असलं काही ओढ्याच्या वरच्या अंगाला असेल, तर पीक चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पाणी अजून येतंय का? (खर्च: चपला झिजतील तेवढा)

हे सगळ्यात आधी, कारण मी स्वतः इथंच आपटलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका अण्णांच्या तीन एकरांवर दोन ट्रक जिप्सम टाकून घेतलं, चर काढले, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडला. दिवाळीत हरभरा बघण्यासारखा होता. संक्रांतीला पुन्हा फोन. रात्रीचं ओढ्याला पाणी सुटायचं, तेच झिरपून विहिरीत यायचं आणि तीच विहीर अण्णा हरभऱ्याला फिरवत होते. आम्ही एका हातानं सोडियम काढत होतो, दुसऱ्या हातानं भरत होतो. ते पैसे अण्णांनी मला कधी मागितले नाहीत, पण आजही त्यांच्या घरावरून जाताना मी गाडी हळू करत नाही.

ओढ्यानं वर चालत जा. दिवसा एकदा, पहाटे एकदा, आणि पहिला मोठा पाऊस पडत असताना एकदा. साठवलेलं पाणी सोडायला पावसासारखा आडोसा नाही. विहिरीचं पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन रंग आणि वास बघा. ज्याच्याकडे आरओ आहे त्याच्याकडे टीडीएस पेन असतो, तो तासाभरासाठी मागून आणा. आकडा दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. साधारण ५०० च्या आत असेल तर खाराची काळजी नाही. १,४०० च्या पुढं गेला तर ते पाणी काळ्या जमिनीला नेहमी देण्यासारखं नाही. शास्त्रीय भाषेत हीच हद्द ईसी (विद्युतवाहकता, क्षारांचं माप) ०.७५ आणि २.२५ अशी येते. पेन फक्त एकूण क्षार सांगतो, धातू त्याला दिसत नाहीत.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग असेल तर काडीनं ढवळा. तवंगाचे काचेसारखे तुकडे होऊन ते तसेच राहिले तर ते लोहावरचे जीवाणू, घाबरू नका. तुकडे पुन्हा एकत्र आले तर तेल, आणि मग पुढचं काहीच घरी करू नका.

पाणी बंद होत नसेल, किंवा दुसरं पाणी मिळत नसेल, तर बाकीची पोस्ट वाचून फायदा नाही. जिप्सम, गंधक, कंपोस्ट ही सगळी एकदाची दुरुस्ती आहे, रोजची राखण नाही.

बाटलीची परीक्षा (खर्च: पाच-दहा रुपये)

मला सगळ्यात जास्त विश्वास या परीक्षेवर. पावसाचं पाणी लागतं. ते नसेल तर गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी. नळाचं किंवा बोअरचं चालत नाही, त्यात आधीच क्षार असतात आणि उत्तर खोटं येतं.

काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. वाळलेल्या मातीचं चिमूटभर चुरलेलं ढेकूळ नाही, चार-पाच अख्खे खडे दोन्हीत टाका, वर हे पाणी हळूच सोडा. हलवू नका. दोन तासांनी खड्याभोवती दुधासारखं वलय पसरलं असेल तर ते चोपण. आता दोन्ही बाटल्या जोरात हलवा आणि एकीत चिमूटभर जिप्सम टाका. रात्रभर ठेवा. सकाळी साधी बाटली कोऱ्या चहात दूध घातल्यासारखी आणि जिप्समची बाटली वर नितळ, खाली गाळ, असं दिसलं तर तुमच्या रानाला जिप्सम लागू पडणार. मी हे शेतकऱ्याच्या ओसरीवरच करतो. प्रयोगशाळेच्या तीन पानांपेक्षा ती नितळ बाटली बघून माणूस पटकन समजतो.

पण इथं एक फसगत आहे, ती जपून वाचा. दोन्ही बाटल्या नितळ झाल्या तर लोक म्हणतात, "चोपण नाही, नुसता खार आहे, पावसानं धुऊन जाईल." थांबा. मातीत मीठ भरपूर असलं तरी गाळ खाली बसतो, सोडियम असूनही. म्हणून साध्या बाटलीतलं वरचं पाणी ओतून टाका, नवं पावसाचं पाणी घाला, हलवा, बसू द्या. असं तीनदा करा. पहिल्या वेळी नितळ, तिसऱ्या वेळी गढूळ झालं, तर तुमचं रान खारही आहे आणि चोपणही. हेच रानात दरवर्षी घडतं: उन्हाळ्यात बरं दिसणारं रान चांगल्या पावसानंतर अचानक फेसाळतं, बुळबुळीत होतं, आणि दोष पावसाला जातो. पावसानं मीठ धुतलं, सोडियम मातीला चिकटून राहिला, मातीचे कण सुटे झाले आणि छिद्रं बुजली. अशा रानात आधी जिप्सम, मग पाणी. उलटं केलं की रान आवळून बसतं.

आम्लाचा थेंब

मूठभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाका आणि कान लावा. जोरात चुरचुरलं तर मातीत चुनखडी भरपूर आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच काळ्या रानांत ती असते. मग जिप्समऐवजी गंधकाचा विचार करता येतो: मातीतले जीवाणू गंधकाचं आम्ल करतात, ते चुनखडीला लागतं आणि जिप्सम जागेवरच तयार होतं. एक टन जिप्समचं काम सुमारे १९० किलो गंधकात होतं, त्यामुळे वाहतूक वाचते. मात्र त्याला ऊब, ओल आणि काही आठवडे लागतात. थंडीत कोरड्या रानात टाकलेलं गंधक तसंच पिवळं पडून राहतं. चुरचुरलंच नाही तर गंधक टाकू नका. याचं दुसरं कारण पुढं धातूंच्या भागात येईल आणि ते पहिल्यापेक्षा मोठं आहे.

प्रेसमडचंही इथंच सांगतो. रस गंधकाच्या धुरानं साफ करणाऱ्या, म्हणजे सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्याचा प्रेसमड चोपणाला चांगला. कार्बोनेशनचा प्रेसमड म्हणजे बराचसा चुनाच, तो चोपणात ओतू नका. ट्रॉली भरायच्या आधी विचारा.

खड्डा

रानाच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात तीन-चार फूट खोल खड्डा घ्या, रात्रभर ठेवा. सकाळी आत पाणी आलं असेल तर खाली जागाच नाही. तुम्ही वरून धुतलेलं मीठ खाली जाणार कुठं? दोन उन्हं पडली की ते परत वर. खड्डा कोरडा राहिला तर त्यात फूटभर पाणी ओता, जिरू द्या, पुन्हा ओता आणि दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते बघा. दुसऱ्या दिवशीही अर्धं पाणी तसंच असेल तर निचरा नाही असं समजा. खड्ड्याच्या भिंतीवर बोट फिरवा. रोटाव्हेटरनं वर्षानुवर्षं मारलेल्या रानात सात-आठ इंचांवर घट्ट पाटा लागतो. कित्येकदा सगळा दोष त्या पाट्याचा असतो आणि बिल सांडपाण्याच्या नावावर फाटतं. तिथं खोल नांगरट केली तरी निम्मं काम होतं.

निचऱ्याच्या दोन गोष्टी स्वस्त आहेत: बांधाकडेनं उघडा चर आणि रानाला किंचित ढाळ. त्या आधी करा. चराचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरणार नाही एवढं बघा, नाहीतर मातीचं भांडण बांधाचं होतं.

कुंड्यांत मूग

आपलं रान आणि शेजारचं चांगलं रान, दोन्हींतली माती तीन-तीन कुंड्यांत भरा, प्रत्येकीत दहा मूग, पाणी दोन्हींना चांगलं आणि सारखंच. दहा दिवसांत कळतं. दोन्हींत सारखं उगवलं तर, धातूंची गोष्ट सोडली तर, मातीला दोष नाही, तुमचं सिंचनाचं पाणी किंवा निचरा तपासा. उगवून पानं आक्रसली, पिळवटली तर गेल्या हंगामातल्या तणनाशकाचा अंश असू शकतो. "कंपनीचं पाणी" म्हणून माझ्याकडे आलेल्यांत असे दोघे-तिघे दरवर्षी निघतात.

आता प्रयोगशाळा

इथपर्यंत शंभर रुपयेही खर्च झालेले नसतात. आता माती द्यायची. बांध, खताच्या ढिगाची जागा, झाडाखालचा भाग सोडून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरली पाहिजे. पांढरा डाग आणि चांगला भाग यांचे नमुने वेगळे. खारासाठी एक फूट, दोन फूट, तीन फूट अशी खोलीनुसारही माती द्या. खालच्या थरापेक्षा वरचा थर खारट निघाला तर पाणी खालून चढतंय. खताच्या पोत्यात नमुना भरू नका. दरवर्षी कुणीतरी भरतो आणि अहवालात पालाश आभाळाला टेकतो.

सामू (पीएच) आणि ईसीसोबत विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी आणि जिप्समची गरज हे दोन्ही मागून घ्या, नेहमीच्या चाचणीत ते नसतं. पुस्तकी हद्द अशी: सामू ८.५, ईसी ४, सोडियम १५ टक्के. पण यात दोन खाचा आहेत. एक, तो ४ चा आकडा संपृक्त, म्हणजे पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीच्या अर्काचा आहे. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती, अडीच भाग पाणी अशा द्रावणात ईसी मोजतात, तिथं काळ्या मातीत आकडा साधारण तिपटीनं कमी दिसतो. अहवालात १.५ बघून "चारच्या आत आहे" म्हणून घरी जाऊ नका. पद्धत विचारा. दुसरी, आपल्या चिकणमातीच्या काळ्या रानांत १५ टक्क्यांची वाट बघायची नसते. सोडियम त्याच्या निम्म्यावर असतानाच पाणी मुरायचं थांबतं.

जिप्समचं प्रमाण. अहवालात हेक्टरी १० टन गरज आली असेल तर निम्म्यानं सुरुवात करा, म्हणजे एकरी दोन टन. उन्हाळ्यात बारीक पूड सारखी पसरा, वरच्या चार इंचांत कुळवानं मिसळा. खोल नांगरून गाडू नका, वरचा थर आधी सुटा व्हायला हवा म्हणजे पाण्याला वाट मिळते. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. त्या हिशेबानं एकरी एक टन विरघळायला रानभर चार इंच पाणी लागतं, दोन टनांना आठ इंच. एका हलक्या पाळीवर ते पांढरं तसंच राहतं आणि "जिप्समनं काही झालं नाही" असं ऐकू येतं. वाफे बांधून पाणी आठ-दहा दिवस धरा, मग चरात काढा.

नुसता खार असेल तर औषधाची गरज नाही. चांगलं पाणी आणि उघडा निचरा पुरे. एक फूट माती धुवायला एक फूट पाणी खाली उतरलं की तीन चतुर्थांशापेक्षा जास्त मीठ जातं. तोवर पीक निवडून घ्या: कापूस खार बराच सोसतो, करडईही त्यापाठोपाठ. कांदा, गाजर, घेवडा अजिबात नाही. ऊस लोकांना वाटतो तेवढा काटक नाही.

धैंचा खार आणि चोपण, दोन्ही रानांत घ्या. एकरी २० किलो बी, ४०-४५ दिवसांनी फुलावर येताना गाडायचा. त्याची मुळं आवळलेल्या थरात वाट करतात आणि कुजताना निघणारा कर्बवायू चुनखडी विरघळवतो. सगळ्या उपायांत हा मला आवडतो, कारण चुकला तरी नुकसान करत नाही.

स्पेंटवॉशचं रान त्यामानानं लवकर माफ करतं. त्यात पालाश प्रचंड असतो, सेंद्रिय भार प्रचंड असतो, पण तो कुजतो. पाणी बंद, रान नांगरून उन्हाला मोकळं, एक पावसाळा विश्रांती, आणि पुढची दोन-तीन वर्षं पालाशाचं पोतं विकत आणायचं नाही. जिप्समची घाई नको, बाटलीची परीक्षा सांगेल तेव्हाच. विहिरीतला चहाचा रंग मात्र मातीपेक्षा कितीतरी उशिरा जातो.

धातूंचा संशय असेल तर

शहरालगतच्या नाल्यावर एक मावशी भाजी करायच्या. मला बोलावलं ते चोपणासाठी, पाणी मुरत नव्हतं. मेथी मात्र गुडघ्याला येत होती. मी बांधावर बसून लिहून दिलं: एकरी दीडशे किलो गंधक. थेंब टाकल्यावर माती जेमतेम चुरचुरली होती, तरी लिहिलं, कारण जिप्सम तिथं आणायचं भाडं त्यांना झेपणारं नव्हतं. निघताना नाल्याच्या वरच्या वळणावर मुलामा देण्याच्या शेडांची रांग दिसली. परत फिरलो आणि चिठ्ठी मागून घेतली. मावशी जुड्या बांधत होत्या, म्हणाल्या, "लिहिलंय ते खोडता कशाला?" मातीच्या धातूंचा अहवाल आल्यावर त्यांना सांगितलं कशाला.

गंधक सामू खाली आणतं. सामू उतरला की मातीला धरून बसलेलं कॅडमियम, निकेल, शिसं, जस्त सुटं होतं आणि मुळांना मिळतं. म्हणजे चोपणाला जे औषध, तेच इथं दार उघडून देतं. चुनखडी भरपूर असेल तर ती सामू सावरून धरते. कमी असेल तर काहीच धरत नाही. अशा रानात सोडियम काढायचाच असेल तर खाणीतलं जिप्सम आणि मुरलेलं कंपोस्ट. खत कारखान्यातलं फॉस्फोजिप्सम नको, त्यात फ्लोराइड असतं आणि कधी कॅडमियमही.

उलट कोकणातल्या जांभ्या, आंबट मातीत चुना हेच पहिलं औषध: सामू साडेसहा-सातवर आणला की कॅडमियम-शिसं बसतं. देशावरच्या आठ सामूच्या काळ्या रानात मात्र चुना टाकून काही मिळत नाही, उलट पिकाचं लोह आणि जस्त अडकतं. आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम यांचा स्वभाव पुन्हा उलटा. सामू चढला की ते सुटे होतात, आणि स्फुरदाची भरघोस मात्रा शिसं बांधते तशी आर्सेनिक मोकळं करते. क्रोमियमवर शेणखत-कंपोस्ट चांगलं, ते त्याला कमी विषारी रूपात आणतं. म्हणून धातूचं नाव कळल्याशिवाय पोतं फोडायचं नाही.

या चाचणीचा खर्च बाकी सगळ्यापेक्षा जास्त, म्हणून ती शेवटी. लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्यानं नमुना घ्या, जस्ताच्या घमेल्यात कालवू नका. एकूण धातू आणि पिकाला मिळणारा धातू (डीटीपीए पद्धत) असे दोन्ही आकडे मागा. शेजारच्या, नाल्याचं पाणी कधीच न लागलेल्या रानाचा नमुनाही द्या, कारण आपली काळी माती बेसाल्टची आहे, तिच्यात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. नुसत्या एकूण आकड्यावर घाबरलेले आणि नुसत्या एकूण आकड्यावर निश्चिंत झालेले, दोन्ही मी पाहिलेत. आणि पानाचीही तपासणी करा, शेवटी खाल्लं जातं ते पान. पालेभाजीत एका किलोमागं कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम ही कोडेक्सची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

कोणतंही औषध धातू काढत नाही. ते फक्त बांधून ठेवतं. मीठ धुतलं की गेलं, कॅडमियम नातवंडांपर्यंत तिथंच. जपानमध्ये जिंत्सू नदीकाठी वरच्या खाणीतलं कॅडमियम भाताच्या खाचरांत उतरलं. भात पिकत राहिला, हाडं माणसांची मोडली. त्या आजाराचं नावच इताई-इताई, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". १९६८ मध्ये सरकारनं कारण मान्य केलं आणि तिथल्या खाचरांची माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं.

औषधापेक्षा पीक बदलणं इथं जास्त कामाचं. धातू सगळ्यात जास्त पालेभाजीत चढतात, मग कंदमुळांत, फळभाज्यांत आणि दाण्यांत त्याहून कमी. शिसं तर बरंचसं पानावर उडालेल्या मातीतूनच पोटात जातं, म्हणून आच्छादन आणि धुणं यांनीही फरक पडतो. धान्य-भाजी सोडायचीच असेल तर झेंडू, बांबू. कापूस म्हणजे न खाण्याचं पीक असं सरसकट धरू नका, सरकीची पेंड गोठ्यात जाते. मावशींनी झेंडू केला. पहिल्या दसऱ्याला भाव पडला आणि मला शिव्या बसल्या.

सुधारणा म्हणून फुकट मिळणाऱ्या वस्तूंपासून सावध. औष्णिक केंद्राची राख, कुठल्यातरी शेडमागचा गाळ, "सेंद्रिय" म्हणून येणारं शहरी कंपोस्ट. शहरी कंपोस्टला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात किलोमागं कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. विकणाऱ्याकडे तसा अहवाल मागा, नसेल तर ट्रॉली परत.

इथं हात थांबवायचा

विहिरीचं पाणी पिवळट-हिरवं दिसत असेल, औषधासारखा वास येत असेल किंवा तवंग तेलाचा निघाला असेल, तर आधी ते पिणं आणि जनावरांना पाजणं बंद. रानात पिंपं, गाळाचे ढीग किंवा रंगीत माती सापडली तर हात लावू नका, नांगर तर नाहीच. पान मर्यादेच्या वर आलं तर ती भाजी बाजारात जाणार नाही, आणि पुढचं औषध मृदाशास्त्रज्ञ ठरवेल, दुकानदार नाही आणि मीही नाही.

खड्ड्यात पाणी आलं असेल आणि सखल भागाला बाहेर वाटच नसेल तर जिप्सम थांबवा. तिथं जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकावे लागतात. दोन ओळींतलं अंतर, खोली, ढाळ हे मोजणी करून अभियंत्यानं ठरवायचं काम आहे, शेजाऱ्यानं केलं तसं करायचं नाही. सांगलीकडच्या मंडळींना कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र जवळ आहे, क्षारपड जमिनीवरच त्यांचं काम चालतं. दोन हंगाम जिप्सम, निचरा, धैंचा सगळं होऊनही सोडियमची टक्केवारी हललेली नसेल तर तिसरा ट्रक मागवू नका, तज्ज्ञाला रानात आणा.

आणि नुकसानभरपाई मागायची असेल तर एक गोष्ट सगळ्याच्या आधी. पंचनामा होईपर्यंत रानात काहीही टाकू नका. तलाठ्याकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नमुने त्यांच्यासमोर निघू द्या. राष्ट्रीय हरित लवादाकडे भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत असते, पण जिप्सम पडलेली माती पुरावा म्हणून कुणी धरत नाही. रानाचा एक कोपरा, दहा बाय दहा फूट, न सुधारता तसाच ठेवा. त्यातली किलोभर माती कोऱ्या कापडी पिशवीत बांधून, तारीख लिहून, माळ्यावर टाका.